मनाच्या दुखण्यावर उपचार : कोणाकडे जावे, माणूस कसा पारखावा?



या पत्रिकेत आपण आजवर लागणीपासून तोडणीपर्यंत बहुतेक सगळे विषय पाहिले. बेणेप्रक्रिया झाली, हुमणीचा बंदोबस्त झाला, खोडव्याची निगा झाली, माती परीक्षणावर तर दर वर्षी लिहितो. या वेळचा विषय मात्र शेतातला नाही, शेतकऱ्याच्या स्वतःचा आहे. तो नाजूक असल्याने छापावा की नाही यावर आमच्यात बराच खल झाला. अखेर एका सभासदाच्याच सांगण्यावरून तो छापत आहोत.

हे सभासद आमच्या चांगल्या परिचयाचे. त्यांना आपण तात्या म्हणू. वय पन्नाशीच्या अलीकडचे, साडेतीन एकर ऊस, दोन म्हशी, मुलगी बारावीला. टोळी फडात उतरायच्या आधी बांधावर हजर असणारा हा माणूस. मागे एका हंगामात त्यांच्या उसाला तोड आली आणि तात्या आलेच नाहीत. चिटबॉय घरी गेला तर हे अंथरुणावर, तोंड भिंतीकडे. "उद्या येतो" म्हणाले. उद्याही आले नाहीत. गावात बोलणे सुरू झाले. कोणी म्हणाले आळस आला, कोणी म्हणाले बाटली लागली. वास्तविक त्यांनी थेंबालाही हात लावलेला नव्हता. चार महिने त्यांना झोप नव्हती, जेवण जात नव्हते, आणि "आपण नसलो तर घरच्यांचं बरं होईल" असा विचार रोज पहाटे मनात येत होता. वहिनींनी एकदा धीर करून विचारले तेव्हा बांध फुटावा तसे ते रडले.

आज तात्या कामाला लागले आहेत. तथापि बरे होण्याआधी ते तीन दारे फिरले आणि त्यांतली दोन चुकीची निघाली. ते आम्हाला म्हणाले, "माझं नाव घालू नका, पण कुठलं दार ठोठवायचं ते तरी लोकांना सांगा. मला सांगणारं कोणी असतं तर माझं आठ महिनं वाचलं असतं." त्यांच्या परवानगीने त्यांची हकीकत आणि तिच्या जोडीला या विषयाची माहिती येथे देत आहोत.

आळस नव्हे, आजार

उसाची पाने पिवळी-पांढरी पडली की आपण म्हणतो केवडा पडला. जमिनीत लोह कमी पडले असेल म्हणून हिराकस फवारतो. "आळशी झालास, हिरवा हो" असे उसाला कोणी सांगत बसत नाही. माणसाला मात्र आपण नेमके तेच सांगतो.

बंगळूरच्या निमहान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ साली देशातील १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. तिच्यात दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला. त्यांतल्या बहुतेकांना उपचार मिळतच नव्हते. आजाराच्या प्रकारानुसार हे प्रमाण शेकडा ७० ते ९२ होते. म्हणजे तात्या काही जगावेगळे नव्हते.

कधी सावध व्हावे? मन उदास आहे किंवा कशातच गोडी वाटत नाही, असे दोन आठवडे जवळजवळ रोज चालले असेल तर. त्याबरोबर झोप उडणे किंवा अतिझोप, भूक मरणे, अंगात त्राण नसणे, लक्ष न लागणे, "सगळं माझ्यामुळंच झालं" असे वाटत राहणे, ही लक्षणे असतात. पुरुषमाणसात पुष्कळदा उदासपणा दिसतच नाही, चिडचिड दिसते. घरात भांडी आपटली जातात, पिणे वाढते, आणि छातीत धडधड किंवा डोकेदुखी म्हणून दवाखाने होतात, पण तपासण्यांत काही निघत नाही.

येथे एक दक्षता घ्यावी. थायरॉईड, रक्तक्षय, बी-१२ ची कमतरता, मधुमेह यांतही माणूस गळून जातो. सबब आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून रक्त तपासून घेणे चांगले. मात्र "रिपोर्ट नॉर्मल आले" म्हणजे "काही झालेले नाही" असे समजू नये.

आणि आजार असलाच पाहिजे असेही नाही. घरातले जवळचे माणूस गेले, भाऊहिश्श्याच्या वादात मन पोखरले, नवरा-बायकोचे पटेना, पोराने अभ्यासाचा धसका घेतला, अशा वेळीही जाणत्या माणसाजवळ बोलून उपयोग होतो.

पाट्या वेगळ्या, काम वेगळे

शहरात गेलो की पाट्या बघून गोंधळ होतो. म्हणून नीट समजून घेऊ.

(१) मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकिअॅट्रिस्ट. हे आधी एम.बी.बी.एस. डॉक्टर होतात आणि नंतर मनोविकार या विषयात एम.डी., डी.पी.एम. यांसारखी पदवी-पदविका घेतात. ते आजाराचे निदान करतात आणि औषधे देतात.

(२) क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे रुग्णांवर उपचार करण्याचे खास शिक्षण घेतलेले मानसशास्त्रज्ञ. हे वैद्यकीय डॉक्टर नव्हेत, औषध लिहून देत नाहीत. चाचण्या घेतात आणि बोलण्यातून, ठरावीक पद्धतीने उपचार करतात. मानसशास्त्रात एम.ए. केल्यावर दोन वर्षांचे एम.फिल. हा यांचा आजवरचा रूढ मार्ग. भारतीय पुनर्वास परिषद १९९२ च्या कायद्याने बनली. तिच्या नोंदवहीत यांची नावे असतात.

(३) समुपदेशक, म्हणजे कौन्सेलर. मानसशास्त्रात एम.ए. केलेले, समुपदेशनाची पदविका घेतलेले आणि चार दिवसांचे शिबिर केलेले, असे सगळेच ही पाटी लावतात. यांत फार चांगली माणसेही आहेत, परंतु पाटीवरून काही कळत नाही. येथे चौकशी करणे सर्वांत जरुरीचे.

(४) मानसोपचार क्षेत्रातील सामाजिक कार्यकर्ते. सरकारी रुग्णालयाच्या पथकात हे असतात. घरची परिस्थिती समजून घेणे, योजना मिळवून देणे, कुटुंबाशी बोलणे ही कामे ते करतात.

मग पहिल्यांदा जावे कोणाकडे? कानात आवाज येणे, लोक आपल्यावर टपले आहेत असा पक्का संशय, झोपेशिवाय अचाट उत्साह आणि वारेमाप खर्च, अन्नपाणी सोडणे, किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार असतील तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. उदासी, काळजी, भीती, घरगुती ताण एवढ्यावर असेल तर मानसशास्त्रज्ञापासून सुरुवात केली तरी चालते. चांगला मानसशास्त्रज्ञ गरज दिसताच डॉक्टरांकडे पाठवतो, आणि चांगला डॉक्टर गोळ्यांबरोबर बोलण्याचे उपचारही सुचवतो. दारूचा प्रश्न असेल तर व्यसनमुक्ती केंद्र गाठावे. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हे काम करीत आहे.

तात्यांचे पहिले दार यांतले नव्हतेच. नातलगांनी त्यांना एका देवऋषाकडे नेले. "करणी केलीय" असे त्याने सांगितले. तीन महिने आणि एका म्हशीचे पैसे गेले. देवावर श्रद्धा ठेवायला कोणाची ना नाही. नवस करा, वारी करा, पण उपचार थांबवू नका. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे हा तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाच आहे.

नुसते बोलून काय होते?

हा प्रश्न आम्हालाही पडला होता. त्याला गोव्यातून चांगले उत्तर मिळाले. तेथे संगथ नावाची संस्था आहे. तिच्या पुढाकाराने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांवर एक प्रयोग झाला आणि २०१७ साली तो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. स्थानिक माणसांनाच शिकवून तयार केले आणि त्यांनी रुग्णाबरोबर सहा ते आठ बैठका घेतल्या. बैठकीत मुख्य काम एकच. आजाराने सुटलेली कामे आणि गाठीभेटी थोड्या थोड्या करून पुन्हा सुरू करायच्या. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा बैठका मिळालेल्यांत शेकडा ६४ जणांचे नैराश्य हटले होते आणि केवळ नेहमीचा उपचार मिळालेल्यांत शेकडा ३९ जणांचे. यावरून कळते की गप्पा मारणे वेगळे आणि शिकून, पद्धतशीर बोलणे वेगळे.

"शेतकरी कशाला असल्या ठिकाणी जातोय?" असे कोणी म्हणेल. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाचा प्रकल्प झाला. २०१३-१४ मध्ये तेथील नैराश्यग्रस्तांपैकी शेकडा सुमारे ४ जणच उपचार घेत होते. गावपातळीवर सोय झाल्यावर २०१५ मध्ये हे प्रमाण सुमारे २७ वर गेले. दार जवळ आले की शेतकरीही येतो, असा याचा अर्थ.

पत्ता कोठे शोधावा?

पहिली आणि सर्वांत सोपी वाट म्हणजे फोन. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. चोवीस तास, मोफत आणि मराठीतून बोलता येते. नुसता सल्लाही मिळतो आणि जवळ कोठे जावे हेही सांगतात.

दुसरी वाट जिल्हा रुग्णालय. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सामाजिक कार्यकर्ता व परिचारिका अशी पदे असतात. हे पथक ठरावीक दिवशी तालुक्याच्या रुग्णालयातही येते. आपल्याकडे कोणत्या वारी येते ते आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे. मिरज, कोल्हापूर, सोलापूर, पुणे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. ठाण्याची आय.पी.एच. ही संस्था १९९० पासून याच कामात आहे.

तिसरी वाट खासगी. येथे आपल्या डॉक्टरांना नाव विचारावे. आता फोनवर किंवा व्हिडिओवरही बैठक होते. तालुक्यापासून लांब राहणाऱ्यांना ते सोयीचे पडते, फक्त बोलायला एकांताची जागा हवी. तात्यांच्या वहिनींनी १४४१६ ला पहिला फोन केला तो विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीतून.

जायच्या आधी विचारायचे प्रश्न

आपण बेणे आणताना मळा कोणाचा, वय किती, काणी-गवताळ वाढ आहे का, सगळे विचारतो. मग आपले मन ज्याच्यासमोर उघडायचे त्याला दोन गोष्टी विचारायला लाजू नये. चांगला माणूस रागावत नाही. खालील प्रश्न कागदावर लिहून घ्यावेत.

(१) आपले शिक्षण काय आणि नोंदणी कोठे आहे? डॉक्टर असतील तर मेडिकल कौन्सिलची नोंदणी, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर पुनर्वास परिषदेची. नोंदणी क्रमांक मागता येतो.

(२) माझ्यासारख्या त्रासाची माणसे आपण पूर्वी हाताळली आहेत का?

(३) आपण कोणत्या पद्धतीने उपचार करता? साधारण किती भेटी लागतील?

(४) एका भेटीची फी किती, वेळ किती? पाण्याची पाळी आली आणि ऐन वेळी येणे जमले नाही तर काय?

(५) औषधाची गरज वाटली तर कोणाकडे पाठवता?

(६) मी बोललेले कोणाकोणाला कळते?

याशिवाय स्वतःचेही दोन प्रश्न आहेत. मला पुरुषाजवळ बोलणे सोपे जाईल की बाईमाणसाजवळ? आणि आपल्या बोलीत मोकळे बोलता येईल ना? घरातल्या स्त्रीला न्यायचे असेल तर हे तिला विचारावे, तिच्या वतीने ठरवू नये. अंतरही बघावे. लांबच्या नावाजलेल्या माणसाकडे एकदाच जाण्यापेक्षा जवळच्या जाणत्या माणसाकडे दर आठवड्याला जाणे फायद्याचे.

पहिल्या भेटीत काय होते?

सिनेमातल्यासारखे कोचावर झोपवत नाहीत. समोरासमोर खुर्च्या असतात. बैठक पाऊण ते एक तासाची. त्रास कधीपासून, झोप, जेवण, घरात कोण कोण, कर्ज, पूर्वीचे आजार, दारू-तंबाखू असे प्रश्न होतात. मरणाचे विचार येतात का, हेही सरळ विचारतात. घाबरू नये. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट सांगितल्याने भार उतरतो. एखादी गोष्ट आज सांगायची नसेल तर "हे पुढं कधीतरी सांगतो" म्हणावे. कोणी जबरदस्ती करीत नाही.

जाताना एका कागदावर तीन गोष्टी लिहून न्याव्यात. काय काय होते, कधीपासून होते, आणि मला काय बदलायला हवे आहे. चालू औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर घ्याव्यात. पहिल्याच भेटीत हलके वाटेल असे नाही. काहींना त्या रात्री जास्तच रडू येते. त्यात बिघडले असे काही नसते.

जमले की नाही, कसे ओळखावे?

आता तात्यांच्या दुसऱ्या दाराची गोष्ट. देवऋषानंतर ते एका समुपदेशकाकडे गेले. नोंदणी कोणी विचारली नाही. त्या गृहस्थांनी अर्धा तास स्वतःच भाषण केले, मधूनमधून मोबाइल पाहिला, आणि "तुमच्यापेक्षा वाईट हाल असणारी माणसं बघा, तुम्हाला काय कमी आहे?" असे ऐकवले. इथवरही एक वेळ ठीक. पण पुढच्या आठवड्यात तात्यांच्या मेव्हण्याला सगळी हकीकत ठाऊक होती. तात्यांनी शपथ घातली, "आता कुणाकडं जाणार न्हाई. ही सगळी एकाच माळेची."

बंधूंनो, या लेखात आम्हाला मुख्यतः सांगायचे आहे ते हेच. एक माणूस चुकीचा निघाला म्हणजे उपचार चुकीचा नव्हे. एका दुकानातले बियाणे उगवले नाही म्हणून आपण पेरणे सोडत नाही, दुकान बदलतो. आपल्यात म्हणतात, अमक्याच्या हाताला गुण आहे. या उपचारात तो गुण बराचसा दोघांच्या विश्वासात असतो. उपचार करणारा आणि घेणारा यांचे जमले तर गुण चांगला येतो, असे अभ्यासातून वारंवार दिसले आहे.

मग बदलावे कधी? एका भेटीत निकाल लावू नये. तीन-चार भेटी द्याव्यात आणि स्वतःला विचारावे : हा माणूस माझे ऐकून घेतो का? मला कमी लेखत नाही ना? आम्ही काय करायचे ते दोघांनी मिळून ठरवले आहे का? मागच्या वेळचे त्याच्या लक्षात राहते का? उत्तरे "नाही" अशी येत असतील तर स्पष्ट सांगावे, "मला जमत नाहीये, दुसरं कोणी सुचवाल का?" जाणता माणूस यात अपमान मानत नाही, स्वतः दुसरे नाव देतो. परंतु अवघड प्रश्न विचारला, किंवा आपली चूक हळूच दाखवली, म्हणून पळ काढू नये. तो उपचाराचाच भाग आहे.

काही गोष्टींत मात्र एक भेटही थांबू नये. आपले बोलणे बाहेर फोडणे, अंगचटीला येणे, जातीवरून वा धर्मावरून बोलणे, डॉक्टरांच्या गोळ्या परस्पर बंद करायला सांगणे, "तीन दिवसांत बरा करतो" अशी हमी देणे, उपचाराच्या नावाखाली भलत्याच वस्तू गळ्यात मारणे. यांतले काही दिसले की उठावे आणि यावे.

तिसरे दार जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातले निघाले. टेलिमानसवरून वहिनींना पत्ता मिळाला होता. समोर बसलेली मानसशास्त्रज्ञ बाई पंचविशी-तिशीतली. तात्यांच्या मनात आले, ही पोरगी मला काय सांगणार? ती म्हणाली, "काका, मला उसातलं काही कळत नाही. तुमचा दिवस पूर्वी कसा जायचा तेवढं सांगा." तात्या बोलत गेले. पाऊण तास कसा गेला ते त्यांना कळले नाही. शेवटी तिने एवढेच काम दिले की रोज सकाळी बांधापर्यंत जायचे, दहा मिनिटे उभे राहायचे आणि परत यायचे. काम काही करायचे नाही. गेलो की नाही आणि मन कसे होते ते वहीत लिहायचे. त्याच दिवशी तिने त्यांना शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरांनाही दाखवले. गोळ्या सुरू झाल्या.

पहिल्या आठवड्यात तात्या सातांपैकी दोनच दिवस बांधावर गेले. "मला वाटलं बाई रागावतील. त्या म्हणाल्या, दोन दिवस तर दोन दिवस, त्या दोन दिवशी काय निराळं होतं ते बघू या."

किती दिवस आणि गोळ्यांचे काय?

लागण केली की दुसऱ्या दिवशी कोंब दिसत नाही. सुरुवातीला साधारण आठवड्याला एक भेट असते. काहींचे सहा-आठ भेटींत भागते, काहींना बारा ते वीस लागतात, जुन्या दुखण्याला अधिकही. पाच-सहा भेटी झाल्या की "आपण कुठवर आलो?" असा हिशेब दोघांनी बसून करावा.

नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला सामान्यतः दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. परंतु बरे वाटले म्हणून त्या एकदम सोडू नयेत. बरे झाल्यावरही साधारण सहा महिने किंवा डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्याव्या लागतात आणि मग हळूहळू कमी करतात. त्रास झाला तर मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावे. झोपेच्या काही गोळ्यांची मात्र सवय लागू शकते, म्हणून त्या परस्पर दुकानातून आणून घेऊ नयेत.

खर्च, गुप्तता आणि कायदा

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत करण्यात आले. खासगी फी माणसागणिक वेगळी असते. आधी विचारावी आणि झेपत नसेल तर तसे सांगावे. पुष्कळ जण कमी करतात.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून अंमलात आला. त्याने उपचार मिळणे हा हक्क केला. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक केले. कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल, अशा मोजक्या प्रसंगीच तिला अपवाद आहे. माणसाला साखळदंडाने बांधून ठेवण्यास या कायद्याने बंदी आहे. आरोग्य विमा देणाऱ्यांनी शरीराच्या आजाराप्रमाणेच मनाच्या आजारालाही विमा द्यावा, असेही त्यात आहे. जीव देण्याचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असे कायदा गृहीत धरतो आणि त्याला शिक्षेऐवजी उपचार द्यावेत असे म्हणतो. म्हणून पोलिसांच्या भीतीने कोणी दवाखाना टाळू नये.

घरच्यांनी काय करावे?

"खंबीर हो", "पोराबाळांकडे बघ", "तुला काय कमी आहे" ही वाक्ये आपण चांगल्या हेतूने बोलतो, पण ती माणसाला आणखी खाली ढकलतात. त्याऐवजी "बोलायचं असेल तर मी बसलोय" एवढे म्हणावे आणि खरोखर बसावे. पहिल्या भेटीला बरोबर जावे. आत बोलावले तरच आत जावे. बाहेर आल्यावर "काय काय सांगितलंस?" म्हणून खोदू नये. भावकीतल्या दोघांनी मिळून त्याच्या पाण्याच्या पाळ्या सांभाळल्या तरी त्याला मोठा आधार होतो. तात्यांच्या बाबतीत हे काम शेजारच्या बांधकऱ्याने केले. त्यांच्याशी तात्यांचा सात वर्षे अबोला होता.

मरणाची भाषा, निरवानिरव, "मी गेल्यावर असं करा" असे बोलणे कानावर आले तर ते नाटक समजू नये. त्या माणसाला एकटे सोडू नये. सरळ विचारावे. शेतीची विषारी औषधे घरातून हलवून कुलुपात ठेवावीत आणि किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. १४४१६ ला फोन करावा. धोका समोर दिसत असेल तर १०८ ची रुग्णवाहिका बोलावून थेट रुग्णालय गाठावे.

शेवटी

तात्या पूर्ण बरे झाले का, असे आम्ही त्यांना विचारले. ते म्हणाले, "एखादा दिवस अजून जड जातो. पण आता तो जड दिवस आहे एवढं कळतं. आधी वाटायचं, सगळं आयुष्यच तसलं आहे." गेल्या हंगामात त्यांची तोड आली तेव्हा ते टोळीच्या आधी बांधावर होते. भेटी आता दोन महिन्यांतून एकदा आहेत. बाईंचा बदली-आदेश आला तेव्हा तात्यांनीच विचारले, "जाण्याआधी मला दुसरं कोण ते सांगून जावा." त्यांनी सांगितले आणि तात्या नव्या माणसाकडे आता तिसऱ्यांदा जाऊन आले आहेत.

ही पत्रिका वाचून झाल्यावर रद्दीत टाकण्यापूर्वी एवढे करावे : १४४१६ हा आकडा घरात सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लिहून ठेवावा. आपल्याला लागेल असे नाही. पण आपल्या बांधाला बांध असलेल्या कोणाला तरी तो लागू शकेल, आणि तो माणूस आपल्याला विचारायला येणार नाही. आपणच त्याच्याकडे जावे लागेल.

जय सहकार!